चौदा चुका

आमच्या घरीं पोळपाट दोन आहेत. पहिला स्वयंपाकघरांत ओट्यावर असतो आणि त्यावर घरांतील नऊ माणसांच्या पोळ्या रोज लाटल्या जातात. दुसरा आमच्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. तो सागवानी आहे, पहिल्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या गुळगुळीत तोंडावर चौदा बारीक भोंकें आहेत. गेल्या वर्षापासून तो तेथें आहे, आणि घरीं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हा इथं कसा?" उत्तर लांब असल्यामुळें आम्ही तें टाळीत आलों. परंतु टाळण्याचें खरें कारण उत्तराची लांबी हें नव्हे, हें आमचें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून ती हकीकत आज एकदां नीट लिहून काढावी असें ठरविलें आहे. हकीकत विजेच्या बारीक कामाची आहे खरी. तथापि ज्या घरांत लहान मुलें आणि म्हातारीं माणसें एका छपराखालीं नांदतात, अशा कोणत्याही घरास ती परकी वाटणार नाहीं.

आरंभ १९६९ सालीं झाला. आमचें वय तेव्हां अकरा वर्षांचें होतें. शेजारच्या वाड्यांत कॉलेजांत जाणारे एक गृहस्थ राहात. त्यांनीं आम्हांस क्रिस्टल रेडिओ करण्याची विद्या शिकविली. या रेडिओला घरची वीज लागत नाहीं कीं बॅटरी लागत नाहीं. गच्चीवर बांधलेली एक लांब तार, नळाच्या लोखंडी पाइपास बांधलेली दुसरी तार, पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेलें तांब्याच्या तारेचें वेटोळें, एक फिरता कंडेन्सर, जर्मेनियमचा एक डायोड आणि कानाला लावावयाचा हेडफोन, एवढ्या सामानावर जवळच्या केंद्राचें गाणें ऐकूं येतें. कारण हेडफोनचा पडदा हलविण्यास लागणारी सारी शक्ति त्या केंद्राच्या लहरींतूनच मिळत असते. सामान जमलें, पण तें बसवावयाचें कशावर, हा प्रश्न उरला. सांधे हवेंत लोंबकळत ठेवले तर एक जोडावा तों दुसरा सुटे. गुरुजी म्हणाले, "लाकडाची सपाट फळी घे, तिच्यावर पितळी खिळे ठोक आणि खिळ्यांना तारा गुंडाळ." घरांत सपाट फळी म्हणजे एकच होती, आणि ती आजीच्या सोंवळ्यांतला पोळपाट!

दुपारीं आजीचा डोळा लागला असतां आम्हीं तो पळविला. सुतार ज्यांना चुका म्हणतात, तसले बारीक पितळी खिळे आम्हीं त्यावर ठोकले. आजी उठली तेव्हां आम्ही पुराव्यासह सांपडलों. आमची आई त्या वेळीं घरांतली सून; ती दाराआड उभी राहून थरथरत होती, कारण सोंवळ्यांतल्या वस्तूला नुसता धक्का लागला तरी काय होतें हें तिला पुरतें ठाऊक होतें. आजीनें पोळपाट हातांत घेतला, एकेका खिळ्यावर बोट ठेवून मोजणी केली आणि म्हणाली, "चौदा चुका केल्यास. आतां यावर पोळी लाटायची नाहीं. पण ज्याच्यापायीं माझा पोळपाट गेला, तें काय तें मला ऐकव तरी!" संध्याकाळीं आम्हीं हेडफोन तिच्या कानाला लावला. पुणें केंद्रावर कोणीतरी अभंग म्हणत होतें. आजी बराच वेळ हालली नाहीं. मग हेडफोन काढून सुनेकडे देत ती एवढेंच म्हणाली, "उद्यां नवा पोळपाट आणवून घे."

पुढें आम्ही त्याच विद्येच्या मागें लागलों, इंजिनिअर झालों आणि पस्तीस वर्षें त्याच धंद्यांत काढलीं. तेव्हां आम्हांस कळलें कीं आमचा अपराध कांहीं नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत अमेरिकेंतील हौशी मंडळी रेडिओचे प्रयोग करीत, तीं स्वयंपाकघरांतील पाव कापण्याची फळी उचलून तिच्यावरच खिळे व स्क्रू ठोकीत. त्या फळीचें इंग्रजी नांव ब्रेडबोर्ड. १९२० नंतर फिलाडेल्फियाच्या ॲटवॉटर केंट यांच्या कारखान्यांतून निघालेले आरंभींचे रेडिओ तर लाकडी फळीवर उघडे मांडलेलेच विकले जात, आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक त्यांस आजही ब्रेडबोर्ड याच नांवानें ओळखतात. आमच्या आजीच्या घरांत पाव येत नसे, मग पावाची फळी कोठून असणार? ज्या देशांत पाव भाजतात तेथील मुलांनीं पावाची फळी पळविली. आमच्याकडे पोळ्या लाटतात म्हणून आम्हीं पोळपाट पळविला, इतकाच काय तो भेद.

हल्लीं ज्याला ब्रेडबोर्ड म्हणतात तो लाकडाचा नसून प्लॅस्टिकचा असतो, आणि त्यास खिळेही लागत नाहींत व सोल्डरही लागत नाहीं. आज सर्वत्र दिसणाऱ्या त्याच्या घडणीसाठीं रोनाल्ड पोर्तुगाल यांनीं १९७१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत पेटंटचा अर्ज केला आणि १९७३ सालीं तें मिळालें. मुठीएवढ्या रुंदीची एक पांढरी पाटी आणि तिच्यावर ओळीनें भोंकेंच भोंकें, असें त्याचें रूप. एका भोंकापासून दुसरें भोंक बरोबर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या दहाव्या हिश्श्यावर. मोठ्या पाटीवर अशीं ८३० भोंकें असतात. त्यांपैकीं मधल्या भागांत ६३० व दोन्ही कडांच्या चार लांब ओळींत मिळून २०० असा हिशेब आहे.

हीं भोंकें आंतून कशीं जोडलेलीं आहेत हें एकदां समजलें म्हणजे सगळें समजलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास तें समजावयास वेळ लागत नाहीं. मधल्या भागांतील पांच-पांच भोंकें म्हणजे एका चुलीवर जेवणारीं पांच माणसें. त्यांच्या खालीं धातूची एकच लवचिक पट्टी असते. पांचांपैकीं कोणत्याही भोंकांत तार खोंचली कीं ती उरलेल्या चारांशीं आपोआप जोडली जाते. शेजारच्या पांचांची चूल निराळी. पाटीच्या मधोमध एक घळ असते, ती म्हणजे वाटणीची भिंत; अलीकडच्या पांचांचा पलीकडच्या पांचांशीं कांहीं संबंध नाहीं. ही घळ मुद्दाम एवढ्याच रुंदीची केलेली असते कीं दोन रांगांत पाय असणारा आयसीचा किडा तिच्यावर फांकून बसावा व त्याच्या प्रत्येक पायास स्वतंत्र चूल मिळावी. कडेच्या लांब ओळी म्हणजे वाड्यांतून आडवा गेलेला पाण्याचा नळ. त्यांतून बॅटरीचें धन व ऋण टोंक पाटीभर फिरतें, आणि ज्याला हवें त्यानें तेथून घ्यावें. मात्र कांहीं पाट्यांवर हा नळ मध्येंच तोडलेला असतो. नवशिका माणूस येथें हटकून फसतो. अर्धें सर्किट चालतें, अर्धें मेलेलें, आणि कारण कांहीं केल्या दिसत नाहीं. दोन बोटें तार घेऊन तो तुटका भाग सांधला कीं काम झालें.

या पाटीचा मोठा गुण असा कीं तिच्यावर केलेली चूक फुकट असते. सोल्डरनें, जुनीं माणसें ज्याला डाख देणें म्हणत त्यानें, एकदां जोडलेला तुकडा उकलावयाचा तर तापलेली सळई हवी, धीर हवा, आणि एवढें करून तो तुकडा बहुधा करपतोच. ब्रेडबोर्डावर तार उपसली कीं चूक नाहींशी झाली. म्हणून मनांतली शंका तोंडानें वाद घालीत न बसतां हातानें विचारतां येते. ही फळी म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा आहे. तिच्यावर उत्तर मिळतें, परंतु तें तेथें कायमचें ठेवण्यासाठीं नव्हे. हें वाक्य आम्ही इतक्या सहजतेनें लिहीत आहों. तें शिकण्यास आम्हांस जी किंमत पडली तीच आतां सांगावयाची आहे.

आमच्या मातोश्रींचें वय ८८ आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले आणि आवाज इतका क्षीण झाला कीं शेजारच्या खोलींतही ऐकूं येऊं नये. त्यांची खोली खालीं, आम्हां सर्वांच्या वर. "माझ्या खोलींत कोणी निजायचं नाहीं, मला कोणाची झोपमोड करायची नाहीं," हा त्यांचा हट्ट. आम्हीं बाजारांतून बिनतारी घंटा आणली. तिचें बटण बोराएवढें. संधिवातानें वांकडीं झालेलीं बोटें त्यावर नेमकीं पडत ना. शिवाय ती क्षणभर वाजून गप्प होई, आणि वर कोणी जागें झालें कीं नाहीं हें मातोश्रींस कळण्यास मार्ग नसे.

आमच्या धाकट्या बंधूंची नात तेरा वर्षांची आहे, आठवींत शिकते. घरांत तिला अद्याप छकुली म्हणतात. तिनें ही अडचण ओळखली. ती आमच्यापाशीं येऊन म्हणाली, "मोठे आजोबा, घंटा अशी हवी, कीं पणजीआजीनं एकदां दाबलं कीं कोणी खालीं येऊन बंद करीपर्यंत ती वाजतच राहिली पाहिजे." विकतच्या घंटेचा दोष आम्हां मोठ्या माणसांस दिसला होता, उपाय मात्र तिला दिसला. आम्हीं तिला ५५५ या नांवाचा आयसी दाखविला. हान्स कॅमेंझिंड यांनीं तो १९७१ सालीं सिग्नेटिक्स कंपनीसाठीं रचला, १९७२ त तो बाजारांत आला, आणि इतकीं वर्षें लोटलीं तरी अद्याप तो दुकानांत चार पैशांत मिळतो. त्याला पाय आठ. पहिला ऋणाला व आठवा धनाला जोडावयाचा. दुसरा पाय क्षणभर ऋणाला टेंकविला कीं तिसऱ्या पायांतून वीज बाहेर येऊं लागते आणि बटण सोडलें तरी येतच राहते. चौथा पाय ऋणाला टेंकविला कीं ती बंद होते. सहावा पाय कायमचा ऋणाला बांधून ठेवला म्हणजे हा आयसी असा आज्ञाधारक होतो. दुसऱ्या व चौथ्या पायांस दहा-दहा हजार ओहमांच्या रोधकांनीं धनाकडे ओढून धरावयाचें, म्हणजे बटण दाबीपर्यंत ते स्वस्थ राहतात. तिसऱ्या पायाला एक छोटा बझर.

तिला पाटी हवी होती. "नवी आणूं या ना," असें ती म्हणाली. आम्हीं ट्रंकेंतून आमची जुनी पाटी काढली. ती १९८८ सालीं आम्हीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवर घेतली होती. "हिच्यावर तुझ्या मोठ्या आजोबांनीं आपली सारी नोकरी केली, ती तुला कां चालूं नये?" असें आम्ही मोठ्या अभिमानानें म्हणालों. त्या नोकरींत आम्हीं तिच्या भोंकांत जाड पायांचे डायोड, चुरगळलेल्या तारा, जें हातांत आलें तें खोंचलें होतें, हें मात्र सांगावयाचें राहिलें.

पुढचे आठ दिवस त्या मुलीनें जें काम केलें तें आमच्या हाताखालच्या कित्येक तरुणांनीं केलें नसतें. पहिल्या दिवशीं पाटीच्या तुटक्या नळानें तिला फसविलें. तिनें मीटरनें एकेक भोंक तपासून तें स्वतःच हुडकलें. घंटा नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर लावली तर चौथ्या दिवशीं बॅटरी संपली, कारण हा आयसी स्वस्थ बसला असतांही थोडी थोडी वीज खातच असतो. तेव्हां तिनें मोबाइलचा एक जुना पांच व्होल्टांचा चार्जर जोडला. मग निराळेंच विघ्न आलें. आईच्या खोलींतील पंख्याचें बटण दाबलें कीं घंटा आपोआप वाजूं लागे! बटणापासून वरपर्यंत गेलेली तार चांगली तीस फूट लांब होती, आणि लांब तार ही न विचारतां अँटेनाचें काम करिते. पंख्याच्या बटणाची ठिणगीसुद्धां तिला पुरते. आम्हीं नुसतें कारण सांगितलें. दुसऱ्या पायापाशीं आणि विजेच्या दोन टोंकांमध्यें ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर बसवावयाचा हें तिनें पुस्तकांतून शोधलें, खोंचून पाहिलें, आणि विघ्न टळलें. सोल्डरचें काम असतें तर या एका शंकेपायीं संध्याकाळ गेली असती. येथें दोन मिनिटें लागलीं.

त्या दिवशीं ती म्हणाली, "मोठे आजोबा, आतां सोल्डर करून घेऊं या, मग पणजीआजीच्या खोलींत लावूं." आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. मान वर न करितां आम्हीं उत्तर दिलें, "अगं, चालतंय ना छान! चालत्या गाडीला कशाला हात लावतेस? सुटी लागली म्हणजे करूं." पाटी तशीच वरच्या कोनाड्यांत ठेवली, दोन मोठीं बटणें आईच्या उशाशीं बसविलीं. पंधरा दिवस घंटा चोख वाजली. बिनतारी घंटा आम्हीं कपाटांत टाकून दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांस आम्ही नातीचें कौतुक सांगूं लागलों, आणि त्या कौतुकांत आमचेंही थोडें असे.

भाद्रपदांतल्या एका रात्रीं पाऊस फार होता. पहांटे पांचाच्या सुमारास धाकट्या भावजयबाई खालीं उतरल्या तों मातोश्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पडलेल्या. त्यांनीं घंटा दाबली होती, वाट पाहिली होती, पुन्हां दाबली होती. कोणी येईना म्हणून भिंतीला धरून उठल्या आणि तेथवर जाऊन पाय घसरला. तासभर त्या ओल्या फरशीवर होत्या. हांक मारीत होत्या, असें त्या म्हणाल्या. ती आम्हांपैकीं कोणासही ऐकूं आली नाहीं. ईश्वराची कृपा म्हणून हाड मोडलें नाहीं. भुंवईवर तीन टांके पडले आणि मनगट सुजलें.

डॉक्टर गेल्यावर पुतण्याचा संताप उसळला. त्याचें आजीवर फार प्रेम. "आठवीतल्या पोरीच्या खेळण्यावर आपण आजीचा जीव टांगलाच कसा?" असें तो सगळ्यांदेखत बोलला. छकुली दारांत उभी होती. ती कोनाड्यापाशीं गेली, पाटी पाहून आली आणि अगदीं हळूं म्हणाली, "बाबा, माझीच वायर सैल राहिली असेल."

आम्हीं मागाहून पाटी तपासली. तार सैल नव्हती. ती भोंकांत सरळ उभी होती, नीट सोललेली, हव्या तेवढ्या खोल खोंचलेली. परंतु त्या भोंकाखालची पट्टी आमच्या जाड डायोडांनीं पूर्वींच फांकली होती; तिच्यांत पकड उरली नव्हती. पंधरा दिवस तार तिला कशीबशी टेंकून राहिली, आणि त्या रात्रीं वाऱ्यानें दार आपटलें म्हणा कीं आणखी कांहीं झालें म्हणा, केसाएवढें अंतर पडलें. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व जेथल्या तेथें दिसत होतें. पाटी आमची, पट्टी आम्हीं बिघडविलेली, नवी आणूं नको म्हणणारे आम्ही, आणि सोल्डर करूं या म्हणणाऱ्या मुलीला गप्प बसविणारेही आम्हीच.

हें सर्व कळूनही आम्ही कांहीं बोललों नाहीं. पस्तीस वर्षें इंजिनिअर म्हणून मिरविलेला घरांतील वडीलधारा माणूस; त्यानें आपली चूक एका पोरीसमोर, सुनांसमोर कशी कबूल करावी? मनाची समजूत आम्हीं अशी घातली, कीं मूल आहे, दोन दिवसांत विसरेल. ती विसरली नाहीं. तिनें पाटीवरचा एकेक तुकडा उपसला, डबींत भरला आणि डबी आमच्या टेबलावर आणून ठेविली. "हें तुमच्याकडेच असूं द्या," असें म्हणून ती निघून गेली. तीन दिवस ती आमच्या खोलींत फिरकली नाहीं. कठोर शब्द ऐकून जी मुलगी रडली नव्हती, ती आमच्या मौनानें आमच्यापासून दुरावत होती. तिला खरें ठाऊक होतें. आम्ही तें सांगतों कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें राहिलें होतें.

चौथ्या रात्रीं सर्वांचीं पानें मांडलेलीं असतां आम्हीं सारी हकीकत सांगितली. पाटी मध्यें ठेवून ती फांकलेली पट्टी पुतण्याला दाखविली. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्या उठला आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. जेवण आटोपल्यावर आम्ही आईच्या खोलींत गेलों. आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच ती आपल्या त्या क्षीण आवाजांत म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. ती पोर पक्कं करून घेऊं या म्हणत होती, तें मी जिन्याशीं बसून ऐकलं होतं. तूं केव्हां सांगतोस त्याचीच वाट पाहात होतें." थोड्या वेळानें म्हणाली, "माळ्यावर सासूबाईंचा पोळपाट आहे. त्यांनीं तो टाकूं दिला नाहीं, मीही टाकला नाहीं. तो काढून त्या पोरीला दे."

त्या पोळपाटावरचे खिळे केव्हांच गंजून नाहींसे झाले होते असें आम्हांस वाटत होतें. परंतु पितळ गंजत नाहीं. चौदाही चुका जाग्यावर होत्या. त्या आम्ही व छकुलीनें मिळून पकडीनें उपसल्या. बुधवार पेठेंतून नवी पाटी आणून ती पोळपाटावर पक्की बसविली, कडेला विजेसाठीं दोन स्क्रूचे सांधे लावले. ज्यांस घरीं असें कांहीं करावयाचें असेल त्यांनीं लाकडी बैठक अवश्य करावी. नुसती पाटी तारांच्या ओढीनें टेबलावर फिरते आणि सांधे ढिले होतात. एकेरी भरीव तार वापरावी, सुमारें ०.६ मिलिमीटर जाडीची. अनेक पदरी तार वा जाड पाय भोंकांत दडपूं नयेत. आणि घरच्या २३० व्होल्टांच्या विजेला या पाटीजवळही येऊं देऊं नये. हे नियम आतां एका कागदावर लिहून भिंतीला लावलेले आहेत. हस्ताक्षर छकुलीचें आहे, पण "जाड पाय दडपूं नयेत" ही ओळ आमच्या हातची आहे.

घंटा पुन्हां जुळविली गेली. चालली, तेव्हां ती पाटीवर राहूं दिली नाहीं. तांब्याच्या पट्ट्या असलेल्या छिद्रांच्या फळीवर, जिचीं भोंकें त्याच २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात, तीच मांडणी जशीच्या तशी उतरवून छकुलीनें स्वतः सोल्डर केलें. आम्ही शेजारीं बसलों होतों, आणि विचारल्याखेरीज बोललों नाहीं. लांब तारेसाठीं स्क्रूचे सांधे घातले. सारें एका लाकडी पेटींत बंद केलें. आठ दिवस ती सकाळ-संध्याकाळ बटण दाबून वहींत खूण करीत होती. बिनतारी घंटाही आम्हीं कपाटांतून काढून जोडीला ठेविली, कारण म्हाताऱ्या माणसाचा भरवसा एकाच तारेवर ठेवूं नये. आणि आईनें हट्ट सोडून शेजारच्या खोलींत कोणीतरी निजण्यास रुकार दिला. तिला विचारलें तर ती सांगते, घंटेपेक्षां मला त्याचाच अधिक आधार वाटतो. तें खरेंही असेल.

आमच्या घरांत आतां दोन नियम आहेत. पोळपाटावर जें मांडलेलें असेल तें विचारल्याशिवाय कोणीही, वडील माणसानेंही, हलवूं नये. आणि पोळपाटावरून उतरून जें पक्कें झालें नाहीं, त्यावर कोणी विसंबूं नये. पहिला नियम मुलांच्या रक्षणासाठीं आहे, दुसरा आम्हां वडीलधाऱ्यांसाठीं.

हल्लीं त्या पोळपाटावर गच्चीवरील टाकी भरल्याची सूचना देणारें कांहींसें यंत्र मांडलेलें आहे. तें अद्याप चालत नाहीं. परवां आम्हीं छकुलीला विचारलें, "आजवर किती चुका झाल्या?" तिनें तार खोंचतां खोंचतां उत्तर दिलें, "मोजल्या नाहींत, मोठे आजोबा."